नो-अनडिफाइन्ड काढून टाका म्हणे!

विश्रामबागकर:
काल इथे कुणीतरी सल्ला दिलाय, शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्रॅमना वापरता येणारी कोडची फाइल) बांधताना लिंकर, म्हणजे कोडचे तुकडे जोडणारा प्रोग्रॅम, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ (वापरलेलं नाव कुठे सापडत नाही) असं ओरडला की नो-अनडिफाइन्ड फ्लॅग, म्हणजे अशा वेळी बिल्ड अडवणारा पर्याय, काढा, काम फत्ते. वाचून डोकंच उठलं. लिनक्सवर एरवी लिंकर गप्प बसतो, सिंबॉल (फंक्शन वगैरेचं नाव) मिळाला नाही तरी एसओ फाइल, म्हणजेच शेअर्ड लायब्ररी, तयार करून देतो. कुपवाडच्या एका कारखान्यात आमचा प्रोग्रॅम अशीच एक लायब्ररी डीएलओपनने चालू असतानाच उचलायचा, लेझी बाइंडिंगने, म्हणजे फंक्शन पहिल्यांदा बोलावलं की मगच शोध. दिवसभर सुरळीत. संध्याकाळी रिपोर्टचं बटण दाबलं आणि ‘सिंबॉल लुकअप एरर’ येऊन सगळं आडवं! नवी सोर्स फाइल सीमेकच्या (बिल्डच्या साधनाच्या) यादीतच नव्हती. आधीच्या माणसाने फ्लॅग काढला नसता तर बिल्डलाच कळलं असतं.

पोवईनाका:
मीच लिहिलंय ते. प्लगिन (दुसऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजे होस्टला, जोडायचा भाग) केलंय का कधी? होस्टचे सिंबॉल लोड होतानाच मिळतात. पायथन ३.८ पासून लिनक्सवर एक्स्टेन्शन, म्हणजे पायथनचं प्लगिनच, लिबपायथनला (पायथनच्या लायब्ररीला) लिंकच होत नाही. लावा फ्लॅग आणि बसा.

मिरजजंक्शन:
फ्लॅगचं सोडा हो. मुलाखतीला येणाऱ्या पोरांना एनएम (फाइलमधले सिंबॉल दाखवणारं साधन) ठाऊक नाही. टर्बो सीत (कॉलेजातल्या जुन्या सी-साधनात) कंट्रोल-एफ९ दाबलं की कंपाइल, लिंक, रन सगळं झालं! कंपायलर कुठे संपतो, लिंकर कुठे सुरू होतो, पत्ता नाही. कॉलेजं करतात काय?

कृष्णाकाठ:
मी शिकवते. एक्स्टर्न सी (सी प्लस प्लसला नाव सीसारखं साधं ठेवायला सांगणारे शब्द) काढून मुद्दाम एरर आणायला लावते. मग एनएम -डीमध्ये अंडरस्कोर झेडने सुरू होणारं लांबलचक नाव दिसतं, सी प्लस प्लस फिल्ट या साधनाला दिलं की उलगडतं. उगाच सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

मिरजजंक्शन:
मॅडम, तुमच्यासारख्या किती? आम्ही व्हायव्हाला व्याख्या पाठ करून पास झालो.

कृष्णाकाठ:
आणि तुमच्या कंपनीने सांगलीतलं एक तरी पोरगं इंटर्न म्हणून घेतलंय? पोरं पुण्याला गेली की मात्र गळा काढता!

मिरजजंक्शन:
पगार द्यायला गिऱ्हाईक तरी येतंय का इकडे? कंपनी चालवून बघा, मग बोला.

विश्रामबागकर:
मुद्द्यावर या. होस्टला उलट कॉल करणाऱ्या प्लगिनला फ्लॅग नको, कबूल. क्लँग कंपायलरच्या अ‍ॅड्रेस सॅनिटायझरलाही (मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनालाही) तो चालत नाही. पण पोवईनाका, तुमच्या पोस्टमध्ये ‘प्लगिन’ शब्द होता कुठे? आमची लायब्ररी होस्टकडून काहीच घेत नव्हती.

पोवईनाका:
बरं बाबा, साध्या लायब्ररीला लावा. पण फ्लॅग नुसता ओरडतो, कारण सांगत नाही. उबुंटूवर अ‍ॅज-नीडेड (गरज न दिसलेली लायब्ररी गाळणारा पर्याय) आपोआप लागू असतं. लायब्ररी ऑब्जेक्ट फाइलच्या (कंपाइल झालेल्या कोडच्या) आधी लिहिली की लिंकर ती गाळतो. आधी क्रम तपासा, मग मला शिकवा.