गांजाने डोकं बंद पडतं की नुसतं शांत होतं?

डेन्व्हरकर
इकडे अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०१४ पासून गांजा दुकानात मिळतो. एकवीस पूर्ण असल्याचं ओळखपत्र दाखवायचं, की झालं. आमच्या मराठी मंडळींच्या पार्टीतही आता चकलीच्या डब्याशेजारी गमीची, म्हणजे गांजाच्या चघळायच्या गोळ्यांची, डबी असते आणि कोणीतरी म्हणतंच, "अरे, झाडपालाच तर आहे, दारूपेक्षा बरा."

मला हे पटत नाही. जानेवारी २०२५ मध्ये इथल्याच विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास 'जामा नेटवर्क ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात आला. २२ ते ३६ वयाचे १००३ जण. स्कॅनरमध्ये झोपवून त्यांच्याकडून सात प्रकारची कामं करून घेतलेली. आयुष्यात हजारापेक्षा जास्त वेळा गांजा घेतलेल्यांपैकी ६३ टक्के लोकांत वर्किंग मेमरीच्या कामाच्या वेळी मेंदूची सक्रियता कमी दिसली. वर्किंग मेमरी म्हणजे ओटीपी वाचल्यापासून टाईप करेपर्यंत जी धरून ठेवते ती. ती गेली तर राहिलं काय?

शंकासूर
"गेली" कुठे म्हटलंय? कमी सक्रियता म्हणजे बिघाड, हे तुम्ही पदरचं घातलंत. एफएमआरआय, म्हणजे मेंदूचा हा स्कॅन, विचार मोजत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा चढउतार मोजतो, आणि गांजाचा परिणाम रक्तवाहिन्यांवरही होतो. शिवाय गटांमधला फरक प्रमाण विचलनाच्या (माणसामाणसांत एरवीही जो फरक असतो त्याचं माप) जेमतेम पाव पटीएवढा. स्कॅनही एकदाच काढलेला. ही माणसं गांजा ओढायच्या आधी कशी होती ते कोणी पाहिलंय? मुळात ज्यांचं लक्ष लागत नाही तेच चिलमीकडे वळत असतील तर?

डेन्व्हरकर
नुकताच गांजा घेतलेले लोक लघवीच्या तपासणीवरून वगळले, तरी फरक राहिलाच. म्हणजे कालची नशा उतरली नव्हती, एवढंच कारण पुरत नाही. आणि सक्रियता कमी दिसली ती कपाळामागच्या भागात. बेत आखणं, एका वेळी चार गोष्टी डोक्यात ठेवणं, ही कामं तिथलीच. माझ्या दृष्टीने एवढं पुरे.

जुना_चिलीमबाज
दोघंही कागदावर भांडताय. मी अकरा वर्षं ओढलाय, तेव्हा माझं ऐका.

होस्टेलवर रोज रात्री रमी चालायची. रमीत खरं काम हातातल्या पत्त्यांचं नसतं. समोरच्याने मगाशी बदामची सत्ती उचलली, त्याआधी अठ्ठी सोडली, हे डोक्यात फिरत ठेवावं लागतं. दोन झुरक्यांनंतर माझी ती 'मगाशी'च पुसली जायची. पत्ता टाकला की लोक हसायचे, कारण समोरचा नेमका त्याच पत्त्याची वाट बघत असायचा. स्कॅनरमधल्या लोकांनाही जवळपास हाच खेळ दिला होता: चित्रं एकामागून एक येतात, आत्ताचं चित्र दोन चित्रांपूर्वीच्या चित्रासारखं आहे का ते सांगायचं.

सोडल्यावर पहिले पंधरा दिवस झोप नाही आणि डोकं जास्तच भणभणलेलं. दोनेक महिन्यांनी रमी पुन्हा जमायला लागली. पूर्वीइतकी? बायको म्हणते नाही. पण ती मला पूर्वी ओळखतच नव्हती.

शंकासूर
हेच म्हणतोय मी! २०१८ मध्ये ६९ अभ्यास एकत्र करून पाहिले होते, तरुण वापरकर्त्यांचे. स्मरण, लक्ष वगैरेत फरक होता, पण छोटा, आणि ज्या अभ्यासांत लोकांनी ७२ तासांहून जास्त वेळ गांजा घेतला नव्हता तिथे तो जवळपास मावळला होता.

प्राध्यापिका_नाशिक
शंकासूर, वयाचं काय? न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांवर जन्मापासून लक्ष ठेवलंय. म्हणजे तुमचं "आधी कशी होती" इथे तपासता येतं. ज्यांनी शाळकरी वयात सुरुवात केली आणि नाद सोडलाच नाही, त्यांचा बुद्ध्यंक तेराव्या वर्षापासून अडतिसाव्या वर्षापर्यंत सुमारे आठ गुणांनी घसरला. मोठेपणी सुरुवात करणाऱ्यांत तशी घसरण नव्हती. खरं आहे, पुढे जुळ्यांवर झालेल्या अभ्यासात ओढणाऱ्या आणि न ओढणाऱ्या भावंडांत फरक सापडला नाही, म्हणजे घरच्या परिस्थितीचाही वाटा असावा. पण अकरावीतलं पोर वर्गात तांबारलेले डोळे घेऊन बसतं, तेव्हा मी जुळ्यांच्या अभ्यासाची वाट बघू का?

भोलेभक्त
इकडे साधूंची चिलीम कुंभात शतकानुशतकं चाललीय. आणि भांग तर केंद्राच्या कायद्यालाही चालते. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं-बिया त्यात नाहीत, आणि भांग पानांचीच. आम्ही धुळवडीला भांगेची ठंडाई घेतो, आमच्या मेंदूला काय झालं?

जुना_चिलीमबाज
भोलेभक्त, हा प्रश्न तुम्ही गेल्या धुळवडीला चार वेळा विचारलात :)

गंमत सोडा, पण डेन्व्हरकरांच्या त्या स्कॅनच्या अभ्यासात आयुष्यात दहापेक्षा कमी वेळा घेतलेल्यांना 'न घेणारे' धरलंय. धुळवडी मोजून बघा, अजून बसताय का त्यात.

डेन्व्हरकर
अजून एक. हे स्कॅन २०१२ ते २०१५ मधले आहेत. आज इथे दुकानात जे अर्क मिळतात त्यांत टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, साठ-सत्तर टक्क्यांच्या वरही असतं. नुसत्या फुलोऱ्याच्या कित्येक पट. शंकासूर, तुमचा 'छोटा फरक' जुन्या मालाचा आहे.

शंकासूर
मान्य, हा मुद्दा बिनतोड. पण मग नव्या मालाचा अभ्यास दाखवा. तोवर 'माहीत नाही' म्हणा, 'डोकं गेलं' म्हणू नका.

प्राध्यापिका_नाशिक
अकरावीतल्या पोराच्या आईला मी 'माहीत नाही' म्हणणार नाहीये. उद्या पालकसभा आहे.