शब्दचर्चा : डीपीपी-४ हे जनुक की विकर?

प्रश्न : बाबांना मधुमेहासाठी सिटाग्लिप्टिन सुरू झालंय. माहितीपत्रकात त्याला 'डीपीपी-४ निरोधक' म्हटलंय. दुसरीकडे डीपीपी-४ हे जनुक आहे असं वाचलं आणि गोंधळले. ही गोळी जनुक बंद पाडते का?

उत्तर : नाही ताई, जनुकाला ती हातही लावत नाही. नाव एक, वस्तू दोन. डीपीपी-४ हे जनुक दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असतं. त्यावरून ७६६ अमिनो अम्लांचं प्रथिन बनतं, तेच हे विकर, म्हणजे शरीरातली रासायनिक क्रिया घडवणारं एन्झाइम. त्याचं एक टोक पेशीपटलात रुतलेलं असतं, कापणारी जागा पेशीबाहेर. पटलापासून सुटून ते रक्तातही फिरतं.

'डायपेप्टिडिल पेप्टिडेज' या लांबलचक नावातच काम आलं : साखळीच्या सुरुवातीच्या टोकाची दोन अमिनो अम्लं कापायची. पण वाटेल ती साखळी चालत नाही. दुसऱ्या जागी मुख्यतः प्रोलीन किंवा अ‍ॅलानीन लागतं. जेवल्यावर आतड्यातून सुटणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकात तिथे नेमकं अ‍ॅलानीन आहे. म्हणून ते रक्तात आलं की दोनेक मिनिटांत निम्मं निकामी! गोळी विकराची कापणारी जागा अडवते, जीएलपी-१ जास्त वेळ टिकतं आणि साखर वाढलेली असताना इन्सुलिन सुटायला मदत होते. गिला मॉन्स्टर या अमेरिकेतल्या विषारी सरड्याच्या लाळेत जीएलपी-१शी मिळतंजुळतं एक्सेंडिन-४ असतं. त्यात दुसऱ्या जागी ग्लायसीन, त्यामुळे ते या विकराला दाद देत नाही. मधुमेहाचं एक इंजेक्शन त्यावरूनच तयार झालं.

प्रश्न : मग नुसतं 'डीपीपी-४ वाढलं' असं लिहिलं असेल तर काय समजायचं?

उत्तर : पुढचा-मागचा शब्द बघा. 'अभिव्यक्ती' (जनुकावरून प्रथिन बनणं) असेल तर बहुधा जनुकाबद्दल, 'क्रियाशीलता' असेल तर विकराबद्दल. इंग्रजी शोधनिबंधांत जनुकाचं नाव तिरप्या अक्षरांत छापतात. मराठीत ती सोय रुळलेली नाही, म्हणून सोबत 'जनुक' किंवा 'विकर' लिहायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. 'जनुकरोधक गोळी' तर कुणी लिहूच नये. घाबरून एखाद्याने औषध सोडलं तर?

आणखी एक : रोगप्रतिकार करणाऱ्या टी-पेशींवर संशोधन करणारे याच प्रथिनाला सीडी-२६ म्हणतात. मर्स या श्वसनाच्या आजाराचा विषाणू पेशीत शिरताना यालाच चिकटतो, हे २०१३ मध्ये कळलं. तिथे त्याच्या कापण्याचा संबंध येत नाही, त्यामुळे त्या संदर्भात 'विकर' न म्हणता 'ग्राही' (रिसेप्टर, चिकटण्याची जागा) म्हणावं.