शेअर्ड शीटमध्ये भावाचा कॉलम मध्येच एकसारखा होतो. पाच जणांना कोणते शॉर्टकट शिकवावेत?

तापीकाठ (सावदा)

राम राम मंडळी. केळीच्या गाड्यांची नोंद पाच जण मिळून एकाच गूगल शीटमध्ये ठेवतो. दोघं बागेवरून भरतात, दोघं ऑफिसातून, एक जण जळगावहून. कॉलम असे: तारीख, गाडी नंबर, शेतकरी, बाग (नवती म्हणजे नवी लागवड, की पिलबाग म्हणजे आधीच्या झाडांच्या पिलांवर धरलेली), वजन क्विंटलमध्ये, भाव, मजुरी. सगळे विंडोज लॅपटॉप, क्रोम ब्राउझर. शेतकऱ्याचं नाव मराठीत, आकडे इंग्रजीत.

अडचणी तीन.

१. भावाच्या कॉलममध्ये १४५०, १५२०, १३८० असे वेगवेगळे भाव असतात. कधी कधी वीस-तीस ओळी एका झटक्यात १४५० होऊन बसतात. "मी हात लावला नाही" असं पाचही जण सांगतात. हे बहुतेक वेळा संध्याकाळी गूगल मीटवर (व्हिडिओ कॉलवर) हिशोब जुळवताना होतं.

२. आजच्या तारखेसाठी कंट्रोल आणि ; दाबतो. एकाच मशीनवर कधी तारीख येते, कधी काहीच होत नाही.

३. बिघडलेलं परत आणायला ऑफिसातून कंट्रोल + झेड दाबलं तर भलतंच काहीतरी मागे जातं, भाव तसेच राहतात.

शॉर्टकट सगळ्यांना शिकवायचे आहेत, पण कोणते शिकवावेत आणि कोणते टाळावेत?

गिरणा (जळगाव)

पहिल्या अडचणीचं कारण जवळजवळ नक्की कंट्रोल + डी आहे. गूगल मीटमध्ये या जोडीने माइक बंद-चालू होतो. शीटमध्ये हीच जोडी निवडलेल्या सेलपैकी सगळ्यात वरच्या सेलमधली किंमत खालच्या सगळ्यांत भरते. बटणं तीच, पण समोर कोणती टॅब आहे त्यावर काम ठरतं. बेरीज बघायला कोणीतरी भावाचे तीस सेल निवडून ठेवलेले असतात, बोलायची वेळ येते, बोटं सवयीने कंट्रोल + डी दाबतात. माइक चालू होत नाही, म्हणून तो माणूस मीटच्या टॅबवर जाऊन माउसने चालू करतो. इकडे तीस भाव पुसले गेलेले असतात आणि त्याला पत्ताच नसतो. त्यामुळे "हात लावला नाही" म्हणणारा खोटं बोलत नाही. त्याच्यावर आवाज चढवू नका.

खात्री करायची असेल तर बिघडलेल्या सेलवर राइट क्लिक करून "शो एडिट हिस्टरी" उघडा. नाव, वेळ आणि आधीची किंमत दिसते. लागोपाठच्या सेलवर तेच नाव आणि तोच मिनिट असेल तर तो बहुतेक फिल डाउनच, म्हणजे कंट्रोल + डीचं काम. ही हिस्टरी सगळं दाखवत नाही, हे मात्र ध्यानात असू द्या. ओळ घातली किंवा काढली, फॉरमॅट बदलला, फॉर्म्युल्यामुळे किंमत बदलली, तर ते तिथे दिसेलच असं नाही.

तिसरी अडचण याच्याशीच जोडलेली आहे. शेअर्ड शीटमध्ये कंट्रोल + झेड दाबणाऱ्याचेच बदल मागे घेतो, दुसऱ्याचे नाही. ऑफिसातून दाबलं तर ऑफिसातलीच शेवटची नोंद जाते, म्हणजे एक चूक दुरुस्त करताना दुसरी होते. ज्याच्या हातून कॉलम बिघडला त्यानेच, टॅब बंद किंवा रिफ्रेश न करता, लगेच दाबायला हवं. रिफ्रेश झालं की तो रस्ता बंद.

मग राहते व्हर्जन हिस्टरी: कंट्रोल + ऑल्ट + शिफ्ट + एच. बिघाडाच्या आधीची वेळ शोधा, पण वरचं "रिस्टोअर" बटण दाबू नका. त्याने अख्खी शीट त्या वेळेवर जाते आणि नंतर इतर चौघांनी भरलेल्या गाड्याही शीटमधून जातात. त्या व्हर्जनसमोरच्या तीन टिंबांतून "मेक अ कॉपी" करा, कॉपीतला फक्त भावाचा भाग कंट्रोल + सीने घ्या आणि मूळ शीटमध्ये कंट्रोल + शिफ्ट + व्हीने टाका. त्याने नुसत्या किमती येतात, फॉरमॅट येत नाही. आधी ओळी जुळतात का बघा. मधल्या काळात कोणी ओळ घातली असेल तर भाव एका घराने सरकतील आणि रामाचा भाव शामाला लागेल.

पुन्हा होऊ नये म्हणून मीट वेगळ्या खिडकीत उघडा, नाहीतर मोबाइलवर घ्या. शिवाय डेटा मेनूतून "प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस"मध्ये भावाचा कॉलम टाका. तिथे दोन पर्याय आहेत. एकात ठरावीक माणसंच बदल करू शकतात, दुसऱ्यात सगळे करू शकतात पण आधी इशारा येतो. तुम्हाला दुसरा बरा. भाव भरणं अडत नाही, चुकून दाबलेला कंट्रोल + डी मात्र विचारल्याशिवाय पुढे जात नाही. पहिला निवडलात तरी शीटच्या मालकाला तो अडवत नाही, हेही माहीत असू द्या.

पांझरा (धुळे)

भाऊ, तुमना दुसरा प्रश्ननं उत्तर कीबोर्डमाच शे.

नाव मराठीत, आकडे इंग्रजीत म्हणजे दिवसभर भाषा बदलत असणार. इन्स्क्रिप्ट लेआउट (विंडोजमधला मराठी कीबोर्ड) चालू असताना ; च्या बटणावर च असतो, / वर य, आणि = च्या बटणावर ृ. मग शीटला "कंट्रोल आणि ;" पोहोचतच नाही. अक्षरांचे शॉर्टकट, म्हणजे कंट्रोल + सी वगैरे, सहसा चालून जातात. अडतात ते चिन्हांचे. फॉर्म्युला लिहायला = दाबलं आणि सेलमध्ये ठिपक्यांच्या गोलाखाली एकटा ृ आला, तर मराठी चालू आहे हे तिथेच ओळखा.

भाषा बदलायला विंडोज + स्पेस वापरा. डावीकडचं ऑल्ट + शिफ्ट जुनं आहे, पण शीटमध्ये त्रास देतं, कारण शीटचे बरेच शॉर्टकट ऑल्ट आणि शिफ्टनेच सुरू होतात. उदाहरणार्थ ऑल्ट + शिफ्ट + ५ म्हणजे मजकुरावर आडवी रेघ. दोन बटणं दाबली, तिसरं शोधता शोधता सोडून दिली, की भाषा बदललेली असते. म्हणून ते बंदच करा: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, अॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, इनपुट लँग्वेज हॉट कीज, चेंज की सीक्वेन्स, आणि तिथे "नॉट असाइन्ड". विंडोज ११ मधला हा रस्ता आहे. त्याच पानावर प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवायचा चौकोनही आहे. तो टिकमार्क केला की व्हॉट्सअॅपवर मराठी लिहून शीटवर आलात तरी तिथली इंग्रजी तशीच राहते.

आकडे इंग्रजीत ठेवता ते चांगलं आहे, तसंच ठेवा. वजनात चुकून १२ असा मराठी आकडा गेला की शीट त्याला मजकूर समजू शकते आणि बेरजेतून तो गुपचूप गळतो. ओळखायची खूण: संख्या सेलच्या उजव्या कडेला चिकटते, मजकूर डाव्या. मात्र अलाइनमेंट हाताने बदललेली असेल तर ही खूण चालत नाही. तेव्हा "इजनंबर" फंक्शनने तपासा.

बोरीपल्याड (अमळनेर)

तारखेबद्दल एक भर. कंट्रोल आणि ; ने बसणारी तारीख कायमची असते. काही जण त्याऐवजी "टुडे" फंक्शन टाकतात. ते उद्या उघडलं की उद्याची तारीख दाखवतं, गाडीच्या नोंदीत ते चालणारच नाही. गाडी किती वाजता निघाली हेही हवं असेल तर कंट्रोल + शिफ्ट आणि ; ने वेळ येते.

फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये लोकेल (तारीख-आकडे कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायचे ती सेटिंग) इंडिया आहे का, हे आजच बघा. अमेरिका असेल तर ०३/०४ ही ३ एप्रिल न राहता ४ मार्च होते, आणि २५/०४ सारखी तारीख नुसता मजकूर होऊन बसते. म्हणजे महिन्याच्या १२ तारखेपर्यंतच्या तारखा चुकीच्या पण बिनबोभाट, आणि १३ पासून सॉर्टिंग बिघडलेलं. लोकेल अख्ख्या फाइलला लागतं, म्हणून एकानेच बदलायचं.

शंका विचारायला सेलमध्ये "हा भाव बरोबर का?" असं लिहू नका, त्याने भावाचाच मजकूर होतो. कंट्रोल + ऑल्ट + एमने कॉमेंट उघडा आणि @ देऊन माणसाचा ईमेल निवडा, त्याला मेल जातो. शिफ्ट + एफ२ ची नोट वेगळी. ती कोणाला कळवत नाही, नुसती सेलला चिकटून राहते. "घडाला डाग" असं काही नोंदवायला नोट बरी.

तापीकाठ (सावदा)

मंडळी, एडिट हिस्टरीत अगदी तसंच निघालं: एकच नाव, एकच मिनिट, एकाखाली एक २६ सेल. भावाच्या कॉलमला इशारा लावला. लोकेलही अमेरिकाच होतं, ते बदललं.

दोन गोष्टी राहिल्या. दोन लॅपटॉपवर शिफ्ट + एफ२ दाबलं की नोटऐवजी आवाज कमी होतो. आणि ओळ घालायला कंट्रोल + शिफ्ट आणि = दाबलं तर पान मोठं होतं.

गिरणा (जळगाव)

आवाज कमी होतो म्हणजे त्या लॅपटॉपवर कीबोर्डच्या बटणांची वरची ओळ आवाज वगैरे मीडियाच्या कामाला लावलेली आहे. एफएन धरून दाबा. बऱ्याच मॉडेलवर एफएन + एस्केपने ते कायमचं उलटतं.

पान मोठं होतं कारण ती बटणं ब्राउझरच्या झूमची आहेत. शीटमध्ये कंट्रोल आणि / दाबा, शॉर्टकटची यादी उघडते. तिच्या तळाशी "एनेबल कंपॅटिबल स्प्रेडशीट शॉर्टकट्स" हे बटण आहे. ते चालू केलं की एक्सेलसारखी ओळ घालता-काढता येते. प्रत्येकाने आपल्या लॉगिनवर बघून घ्यावं, नाहीतर एकाच बटणांनी एकाकडे ओळ येईल आणि दुसऱ्याकडे झूम होईल.

पण बागेवरच्या दोघांना ओळ घालायचं शिकवूच नका. मध्ये ओळ आली की त्याच वेळी खाली नोंद भरणाऱ्याच्या नजरेसमोरून ओळ सरकते. त्यांना गाडी नंबरच्या कॉलममधून कंट्रोल + खालचा बाण शिकवा, म्हणजे ते शेवटच्या भरलेल्या ओळीवर पोहोचतात. मध्ये नंबर रिकामा असेल तर बाण तिथेच थांबतो, तेव्हा गाडी नंबर आधी भरायचा आणि बाकीचं मग.