एरेटर लावले, आता वरच्या दोन मजल्यांवर गॅस गीझर पेटत नाहीत. मदत हवी आहे

पुण्यात आमची सात मजली सोसायटी आहे. पाणी पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून आपल्या वजनाने घरोघरी उतरतं, प्रेशर पंप नाही. टँकर आणि पंपाचं वीजबिल दोन्ही कमी करायचं म्हणून मार्चमध्ये सगळ्या नळांना एरेटर (पाण्यात हवा मिसळून धार कमी करणाऱ्या जाळ्या) आणि शॉवरला प्रवाह कमी करणाऱ्या चकत्या बसवल्या.

पाचव्या मजल्यापर्यंत कुणाची तक्रार नाही, पंपही कमी चालतो. पण सहाव्या-सातव्या मजल्यावर शॉवर चालू केला की गीझर पेटतच नाही. सातव्याच्या शॉवरपासून टाकी जेमतेम 4 मीटर उंच, म्हणजे दाब 0.4 बारच; तळमजल्यावर 2 बारच्या वर. बादली लावून मोजलं तर सातव्यावर मिनिटाला 2 लिटरच पडतं, आणि एवढ्या कमी प्रवाहावर गीझर पेट घेत नाही.

जाळ्या धुतल्या, गीझरचे सेल बदलले, इनलेटची गाळणी साफ केली. चकती काढली की गीझर लगेच पेटतो, त्यामुळे दोष गीझरचा नाही. सातव्यावरच्या काकांनी तर चकती काढून माझ्या हातात ठेवली!

पाइप भिंतीत गाडलेले आहेत, फोडाफोड होणार नाही. डक्टमधले उभे पाइप मात्र हाताशी आहेत. प्लंबर म्हणतो गच्चीवर प्रेशर पंप बसवा, पण मग वाचवलेली वीज तिथेच जाईल ना?

वरचे दोन मजले चकतीविना ठेवून खालच्यांना डक्टमध्ये पीआरव्ही (पाण्याचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह) बसवणं कुणी केलंय का? की 0.4 बारवरही गीझर पेटवेल असा कमी पाण्याचा शॉवर मिळतो?