चौकशी झाली, पण क्लीन चिट कुठे?

"सिनेटर ग्रासलींच्या चौकशीत काहीच निघालं नाही, म्हणजे हे टीव्हीवाले प्रचारक स्वच्छ" असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. अमेरिकेचे सिनेटर ग्रासली यांनी टीव्हीवरून धर्मप्रचार करणाऱ्या ख्रिस्ती प्रचारकांच्या पैशांच्या व्यवहारांची ही चौकशी केली. २००७ मध्ये अशा सहा जणांना हिशोब मागणारी पत्रं गेली. पूर्ण सहकार्य केलं ते जॉयस मायर आणि बेनी हिन या दोघांनीच. बाकीच्यांची उत्तरं अर्धवट किंवा नाहीतच, आणि २०११ मध्ये दंडाविना फाईल बंद. याला क्लीन चिट कशी म्हणायची? मुळात अमेरिकेत चर्च म्हणून नोंद असली की वार्षिक हिशोब जाहीर करावाच लागत नाही.

बरं, मायरबाईंच्या २३ हजार डॉलरच्या 'कमोड'वर लोक अजून हसतात. ते शौचालयातलं भांडं नव्हे, संगमरवरी माथ्याचं खणांचं कपाट होतं हो, इंग्रजीत त्यालाही कमोड म्हणतात! थट्टा करायची तर त्या सहांपैकीच एक असलेल्या क्रेफ्लो डॉलरची करा (आडनाव खरंच डॉलर). २०१५ मध्ये साडेसहा कोटी डॉलरच्या विमानासाठी भक्तांपुढे झोळी पसरली. २०२२ मध्ये मात्र म्हणाले, दशमांशाबद्दलची (कमाईचा दहावा हिस्सा चर्चला देण्याबद्दलची) माझी शिकवण चुकीची होती, ती पुस्तकं फेकून द्या. पुस्तकं फेकू, पण त्या शिकवणीवर विसंबून पगारातला दहावा हिस्सा वर्षानुवर्षं देणाऱ्यांचं काय?