वजन नॉर्मल, तरी शुगर बॉर्डरवर. हे 'आपल्या लोकांचं' काय प्रकरण आहे?

ठाणे_स्लो:
वय 38, उंची 170 सेंमी, वजन 69 किलो. ऑफिसच्या चेकअपमध्ये एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) 6.1 आलं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 24 च्या आत आहे आणि रिपोर्टवर 25 पर्यंत नॉर्मल असं छापलंय, म्हणून मी निवांत होतो. पण लंडनचा मावसभाऊ म्हणतो की त्याच्या डॉक्टरने सांगितलंय, तू साउथ एशियन आहेस तर तुझी लिमिट 23. म्हणजे शेजारच्या गोऱ्याला 25 आणि याला 23?? हे खरंच सायन्स आहे का? ऑफिसातले लोक तर सरळ म्हणतात आपले जीन्सच खराब, काही करून उपयोग नाही.

परळकर:
भाऊ बरोबर सांगतोय तुमचा. जागतिक आरोग्य संघटनेनेच 2004 मध्ये आशियाई लोकांसाठी बीएमआयचे 23 (इथून धोका वाढतो) आणि 27.5 (इथून धोका जास्त) हे आकडे सुचवले, आणि आपल्याकडचे डॉक्टर तर 23 ला ओव्हरवेट, 25 ला लठ्ठ धरतात. तुमच्या लॅबने जुनाच तक्ता छापलाय.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आला होता, तोही 2004 चाच, शोधून बघा. दोघे शेजारी उभे, दोघांचा बीएमआय 22.3, पण चरबी मोजली तर युडकिनना 9.1 टक्के आणि याज्ञिकांना 21.2. वजनकाटा सगळं मिळून सांगतो हो, त्यात स्नायू किती नि चरबी किती हे त्याला काय कळणार. आणि हे जन्मापासूनच दिसतं, पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिकांच्या टीमने बाळं मोजली, सरासरी 2.7 किलोच्या आसपास, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली 3.5. आपली बाळं सगळीकडून बारीक होती पण पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती.

त्यामुळे काटा सोडा, टेप घ्या. पुरुषांना कंबर 90 सेंमी, बायकांना 80, त्यावर गेली की सावध. आणि पँटचा नंबर सांगू नका कृपया, पँट आपण पोटाच्या खाली घालतो 😄

भायखळा_ईस्ट:
याज्ञिकांचं मान्य, पण त्यावरून 'जीन्स खराब' म्हणून हात वर करणाऱ्यांचा मला राग येतो. त्या बाळांचं वजन कमी का, तर आई काय खाते, गरोदरपणी किती राबते, हेही त्यात आलं ना. आयसीएमआरचा (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) 2023 चा सर्व्हे घ्या, डायबिटीस शहरात 16.4 टक्के, खेड्यात 8.9. आता गावाकडचा माणूस दादरला उतरला की त्याचे जीन्स बदलतात का? बदलतं ते बसून काम, दोन तासांची लोकल, रात्री अकराला जेवण आणि स्टेशनबाहेरचा वडापाव.

हार्टचंही तेच. इंटरहार्ट म्हणून 52 देशांचा अभ्यास होता, त्यात साउथ एशियात पहिला अटॅक सरासरी 53 व्या वर्षी, बाकीकडे 59 च्या आसपास. पण कारणं कुठली? सिगरेट, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, सगळी ओळखीचीच, फक्त आपल्याकडे कमी वयात चिकटतात.

आणि कोविड आठवा. जुलै 2020 मध्ये मुंबईत तीन वॉर्डांत अँटीबॉडी तपासल्या, झोपडपट्टीत 57 टक्के लोकांना इन्फेक्शन होऊन गेलेलं, बिल्डिंगवाल्यांत 16. एकाच वॉर्डातली माणसं, मध्ये फक्त कंपाउंडची भिंत. तिथे संडास कॉमन, दहा बाय दहाच्या खोलीत सात जण, याला रक्त काय करणार.

टेस्टट्यूब:
लॅबमध्ये काम करते म्हणून बोलते, तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. काही आजार खरोखरच एका जीनचे असतात आणि ठरावीक समाजात जास्त दिसतात. थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराचे कॅरियर (स्वतः ठीक, पण जीन मुलांना देऊ शकणारे) सिंधी, लोहाणा, कच्छी लोकांत जास्त, म्हणून लग्नाआधी टेस्ट करा म्हणतात. सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या होण्याचा आजार, नंदुरबार, गडचिरोलीकडच्या आदिवासी भागात. पारशांमध्ये जी-सिक्स-पीडी या लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता, त्यांना मलेरियाचं प्रायमाक्विन देण्याआधी तपासावं लागतं, नाहीतर लाल पेशी फुटतात. तिथे 'कुठल्या समाजाचे' हा प्रश्न कामाचा आहे. शुगरमध्ये एक असा जीन नाही, तिथे समाजाचं नाव म्हणजे फक्त 'लवकर तपासा' एवढंच.

ठाणे_स्लो, एक ऐका, एचबीएवनसी एकट्यावर जाऊ नका. लोह कमी असेल तर ते उगाच जास्त दिसू शकतं, लाल पेशी लवकर मरत असतील तर कमी. फास्टिंग आणि जेवणानंतर दोन तासांची करून घ्या, सीबीसीही (रक्तपेशींची मोजणी) करा.

ठाणे_स्लो:
कंबर मोजली, 94 😐 फास्टिंगला पाणी चालतं ना?

टेस्टट्यूब:
साधं पाणी चालतं. चहा नाही, बिनसाखरेचाही नाही, रोज कोणीतरी पिऊन येतंच.