फक्त इंग्लिशवर बाहेर जॉब मिळेल का? अर्जंट (सांगली)

कुपवाडकर_९४: नमस्कार मंडळी. बाहेर जॉबला जायचंय. इंग्लिश चांगलं येतं, अनुभव सहा वर्षांचा. कुठल्या देशात लवकर काम होईल आणि खर्च किती येईल, तेवढंच सांगा. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. 'गूगल करा' म्हणणाऱ्यांनी पुढं जावं, करून झालंय.

मिरज_जंक्शन: बाहेर म्हणजे पुण्याला का परदेशात? अनुभव कशातला? शिक्षण? तुमच्या पोस्टवरून एवढंच कळतंय की शुक्रवार येणार आहे.

कुपवाडकर_९४: परदेशातच की ओ. व्हीएमसीवर सेटर आहे, म्हणजे धातू कापायच्या कॉम्प्युटर मशीनला टूल लावून देतो, एमआयडीसीत. डिप्लोमा मेकॅनिकल. आता सांगा.

शारजा_रिटर्न: आखात सोडून कुठं बघू नका. मी १४ वर्षं काढली. इंग्लिश निम्मं, हिंदी निम्मं, काम भागतं. युरोपचं खूळ डोक्यातून काढा.

तासगावच्या_काकू: इंग्लिश येतंय तर सरळ इंग्लंडलाच जा ना! आमचा भाचा २०२३ ला केअर व्हिसावर (म्हाताऱ्या-आजाऱ्यांची देखभाल करायच्या कामाला) गेला, मस्त चाललंय त्याचं.

स्टुटगार्टकर: काकू, ते दार बंद झालं. २२ जुलै २०२५ पासून केअर वर्करला बाहेरच्या देशातून नव्यानं घेत नाहीत. बाकी कामांनाही आता साधारण पदवीच्या पातळीची नोकरी आणि वर्षाला ४१,७०० पौंड पगार लागतो. सेटरचं तिथं बसणं अवघड.
जर्मनीचं सांगतो. जून २०२४ पासून चान्सनकार्ट नावाचं कार्ड आहे, वर्षभर तिथं राहून नोकरी शोधता येते. जर्मन ए१ (अगदी सुरुवातीचं) किंवा इंग्लिश बी२ (बऱ्यापैकी चांगलं), यातलं एक चालतं, वर शिक्षण, अनुभव, वय असल्या गोष्टींचे सहा गुण जमवायचे. डिप्लोमा त्यांच्याकडून तपासून घ्यावा लागतो. पोट भरायची सोय दाखवावी लागते, २०२५ च्या हिशेबानं महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे तेरा हजारांवर.
पण कागदावर इंग्लिश चालतं म्हणून शॉपफ्लोअरवर चालेल असं नाही. माझा पहिलाच आठवडा. मशीन फानुक कंपनीचं, अलार्म इंग्लिशमध्ये, म्हटलं घरचंच काम. नाइटवाल्यानं रजिस्टरमध्ये जर्मनमध्ये लिहून ठेवलेलं की सात नंबरच्या टूलला रनआऊट आहे (फिरताना हलतंय), चालवू नका. मला वाचता आलं नाही. मशीनची सायकल स्टार्ट केली, इन्सर्ट (टूलचं पातं) उडाला, मशीनवरचा तुकडा भंगारात. सुपरवायझर ओरडलासुद्धा नाही. नुसता रजिस्टरवर बोट ठेवून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी जर्मनच्या क्लासला नाव घातलं.

विट्याचा_गलाईवाला: भाषा शिकल्याबिगर पोट कुठं भरतंय? आमचे वडील पंधराव्या वर्षी केरळात गेले, सोनं गाळायला. आजबी मल्याळीत शिव्या देत्यात.

आटपाडी_एक्स्प्रेस: केरळात कुठं? आमचे चुलते त्रिशूरला होते.

विट्याचा_गलाईवाला: त्रिशूरच! गाव कुठलं तुमचं?

ओव्हरऑल_सेव्हन: मी म्हणेन इंग्लिशच्या परीक्षांत आयईएलटीएसपेक्षा पीटीई द्या. निकाल लवकर लागतो.

मिरज_जंक्शन: पीटीईचं विचारलंय कुणी? कुपवाडकर, शुक्रवारी कळवायचंय कुणाला ते सांगा आधी.

कुपवाडकर_९४: एजंटला. पोलंडला वेअरहाऊसचं काम आहे. एकूण पावणेतीन लाख, निम्मे आत्ता. ऑफर लेटर आलंय. टुरिस्ट व्हिसावर जायचं, तिथं गेल्यावर परमिट करून देणार म्हणतोय. इंग्लिश पुरतं म्हणाला.

मिरज_जंक्शन: उलटं आहे हे. तिथलं परमिट मालकानं आधी काढायचं असतं, मग तुम्ही इथून कामाचा व्हिसा काढायचा. टुरिस्टवर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, काम करता येत नाही. आणि परदेशात कामाला माणसं पाठवणाऱ्याला १९८३ च्या कायद्याखाली परवाना लागतो. सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर एजंटचं नाव शोधा. त्याची फी जास्तीत जास्त ३०,००० आणि वर जीएसटी.

शारजा_रिटर्न: ३०,००० फक्त कागदावर ओ. मी लाखावर मोजले होते. सगळेच देतात.

मिरज_जंक्शन: तुम्ही दिले म्हणून यानंही द्यायचे? सेटर माणूस खोकी उचलायला पावणेतीन लाख भरतोय, ते तरी बघा.

कुपवाडकर_९४: साइटवर नाव सापडलं नाही. विचारलं तर 'आमचं टाय-अप आहे' म्हणाला. पण मला मागं फिरता येत नाही. ओरिजिनल पासपोर्ट त्याच्याकडं आहे, महिना झाला. परत पाहिजे तर १५,००० फाईल चार्ज द्या म्हणायलाय.

मिरज_जंक्शन: हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं!! पासपोर्ट सरकारच्या मालकीचा असतो, १९६७ च्या कायद्यातच तसं आहे. एजंटाला अडकवून ठेवायचा हक्क नाही. एक रुपया देऊ नका. आज व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागा, फोनवर नको. दिला नाही तर पोलीस स्टेशन. मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं (परदेशात कामाला जाणाऱ्यांसाठीचं सरकारी) ऑफिस आहे, तिकडंही तक्रार करता येते.

शारजा_रिटर्न: एवढं कशाला? हरवला म्हणायचं, नवीन काढायचा.

स्टुटगार्टकर: अजिबात नको. खोटं लिहून दिलं की तुम्हीच अडकाल, आणि पुढच्या प्रत्येक व्हिसाला ते आडवं येईल.

तासगावच्या_काकू: जर्मनीत थंडी फार असते का हो? मुलीसाठी विचारतेय, नर्सिंगला आहे ती मिरजेत.

कुपवाडकर_९४: मेसेज टाकला त्याला. ब्लू टिक आली, उत्तर नाही. उद्या फर्स्ट शिफ्ट सुटली की पोलीस स्टेशनला जातो. मिरज_जंक्शन, सोबत याल का? मी कधी पायरी चढलो नाही तिथली.

मिरज_जंक्शन: येतो. साडेतीनला विश्रामबागला थांबा. ऑफर लेटर, चॅटचे प्रिंट, पासपोर्टची झेरॉक्स घेऊन या. झेरॉक्स तरी आहे ना?

कुपवाडकर_९४: मोबाईलमध्ये फोटो आहे. शेवटचं पान काढायचं राहिलंय.